खिडकीतल्या पेटीत कोणती फुलं लावायची? पुणेकरांचे वारंवार येणारे प्रश्न

पेटी म्हणजे इथे खिडकीच्या ग्रिलमध्ये किंवा बाहेरच्या कठड्यावर बसणारी लांबट कुंडी. उत्तरं पुण्याच्या हवेसाठी आहेत. कोकणात किंवा विदर्भात राहत असाल तर महिने बदलतील. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फुलझाड निवडताना सगळ्यात आधी काय बघायचं?

ऊन. रंग, वास, किंमत हे सगळं त्यानंतर. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ८, १०, १२, दुपारी २ आणि ४ वाजता पेटीच्या जागेवर हात धरा. हाताची सावली रेखीव पडली तर ते थेट ऊन. कडा पुसट असतील तर तो नुसता उजेड. थेट ऊन दिवसाला पाच तासांहून जास्त येत असेल तर बहुतेक सगळी हंगामी फुलं चालतील. तीन-चार तास येत असेल तर निवड अर्ध्यावर येते. दोन तासांहून कमी असेल तर शोभेची पानं मुख्य, फुलं चवीपुरती.

हे मोजमाप वर्षातून दोनदा करा, एकदा डिसेंबरात आणि एकदा मेमध्ये. कारण पुढच्याच उत्तरात आहे.

२. आमची खिडकी दक्षिणेला (किंवा उत्तर, पूर्व, पश्चिमेला) आहे. काय लावू?

सगळ्यात जास्त गोंधळ दक्षिणेच्या खिडकीचा होतो. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि दक्षिणेच्या खिडकीला थेट ऊन जवळपास मिळतच नाही. उलट डिसेंबरात दुपारीही सूर्य आकाशात अर्ध्यावरच असतो, ऊन छज्जाखालून थेट खोलीत येतं. म्हणून दक्षिणेची खिडकी हिवाळी फुलांसाठी अव्वल: पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्स, ॲस्टर, जिरेनियम, मखमली झेंडू. तीच पेटी मे ते जुलै बेगोनिया किंवा कोलियसला द्या. जानेवारीत फुललेला पिटुनिया मेमध्ये का रुसला, हे विचारणाऱ्या बहुतेकांची खिडकी दक्षिणेला असते.

पूर्वेला सकाळचं कोवळं ऊन तीन-चार तास मिळतं. नवशिक्यांसाठी हीच दिशा सर्वांत सोपी. पेंटास, अबोली, टोरेनिया, बेगोनिया, थंडीत पँझी. अबोली तर अशा अर्धवट उन्हातच खुलते. दिवसभराच्या कडक उन्हात तिचा रंग उडतो.

पश्चिमेची खिडकी एप्रिलमध्ये भट्टी होते. दुपारी दोननंतरचं ऊन आणि तापलेल्या भिंतीची धग असा दुहेरी मार बसतो. तिथे नाजूक काही लावू नका. सदाफुली, ऑफिस टाइम (पोर्तुलाका, काही नर्सरीत याला चिनी गुलाब म्हणतात), पसरणारी घाणेरी, गोम्फ्रेना, युफोर्बिया मिली, ॲडेनियम ही मंडळी तिथे टिकतात. पावसाळ्यात मुख्य वारा याच बाजूने येतो, त्यामुळे उंच वाढणारं झाड मोडतं. एक फुटाच्या आतलंच निवडा.

उत्तरेला मार्चअखेर ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं, एरवी नुसता उजेड. कोलियस, स्पायडर प्लांट, ऱ्होयो यांची पानं आणि त्यात एखादा बेगोनिया, हे समीकरण वर्षभर जमतं. खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर आफ्रिकन व्हायोलेट छान फुलतं. मात्र त्याच्या पानांवर गार पाणी पडलं की डाग उठतात, तेव्हा पाणी खालून बशीतूनच द्या.

समोर दुसरी इमारत खेटून असेल तर दिशेचं गणित बाद. तेव्हा फक्त प्रश्न १ मधलं मोजमाप खरं.

३. वर्षभर फुलं हवीत. कोणत्या महिन्यात काय लावायचं?

वर्षभर एकाच झाडावर फुलं हवी असतील तर सदाफुली, युफोर्बिया मिली किंवा पेंटास लावा आणि विसरून जा. पण पेटीची खरी मजा ऋतू बदलण्यात आहे.

थंडीची फुलं: बी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरा किंवा तयार रोपं नोव्हेंबरात आणा. फुलं डिसेंबर ते मार्च. पँझी फेब्रुवारीच्या शेवटी उन्हाचा चटका लागताच आटोपते, ते तुमच्या चुकीमुळे नाही. पिटुनिया मार्चअखेर, कधी एप्रिलपर्यंत रेटतो. मात्र वळवाच्या एका सरीत मोठ्या फुलांचा पिटुनिया चिखलासारखा चिकटून बसतो. लहान फुलांचा प्रकार दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो, तोच घ्या.

उन्हाळा: फेब्रुवारीअखेर ऑफिस टाइम, झिनिया आणि गोम्फ्रेना लावून ठेवा. एप्रिलमध्ये लावायला गेलात तर रोपं रुजण्याआधीच करपतात.

पावसाळा: तेरडा, टोरेनिया, बेगोनिया, आणि कंद लावून ठेवलेली पावसाळी लिली. लिलीचे सहा-आठ कंद मेमध्ये तीन-चार सेंटिमीटर खोल लावा आणि पाणी बेताचं ठेवा. पहिल्या दणदणीत पावसानंतर आठवड्याभरात कळ्या वर येतात. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण ते एका फुलापुरतं. जूनमध्ये पेरलेला तेरडा ऑगस्ट-सप्टेंबरात कित्येक आठवडे फुलत राहतो आणि ज्यांच्याकडे तेरड्याच्या गौरी असतात त्यांची घरच्या घरी सोय होते.

४. पेटी केवढी घ्यायची? तिच्यात किती रोपं बसतात?

६० सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि २० खोल हे सोयीचं माप. १५ सेंटिमीटरपेक्षा उथळ पेटी दुकानात नाजूक दिसते, पण मेमध्ये तिची माती दुपारपर्यंत कोरडी ठणठणीत होते. या मापात पिटुनियाची तीन-चार, सदाफुलीची तीन, ऑफिस टाइमची पाच-सहा किंवा पँझीची सहा रोपं लावा. नर्सरीतून आणलेली रोपं लहान दिसतात म्हणून दुप्पट लावण्याचा मोह होतोच. दीड महिन्याने त्यांच्यात हवा खेळत नाही आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते.

तळाला किमान सहा भोकं हवीत. विकत आणलेल्या पुष्कळ पेट्यांची भोकं नुसती खुणावलेली असतात, ती तापवलेल्या स्क्रू ड्रायव्हरने पाडावी लागतात.

५. ग्रिलला वजन झेपेल का?

लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये गुणा आणि १००० ने भागा, म्हणजे पेटीत किती लिटर मावतं ते कळतं. वरच्या मापाची पेटी २४ लिटरची आहे, वर दोन-तीन सेंटिमीटर मोकळी ठेवली की साधारण २१ लिटर. नुसती लाल माती भरून पाणी घातलं तर हे ३५ किलोच्या आसपास जातं. कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिश्रण (प्रश्न ६) भरलं तर १८ ते २० किलो. फरक एका माणसाने उचलण्या-न उचलण्याचा आहे.

पेटी ग्रिलच्या बाहेरच्या कडेला नको, भिंतीलगत ठेवा. बाहेर जितकी जाईल तितका ताण भिंतीतल्या जोडांवर येतो. प्रत्येक पेटी दोन ठिकाणी जीआय तारेने बांधा, तळमजल्यावर राहत असलात तरी. गंजलेली पट्टी बोटाने दाबून पापुद्रा सुटत असेल तर आधी फॅब्रिकेटरला दाखवा, फुलं नंतर.

६. माती कशी भरायची?

एका ६० सेंटिमीटरच्या पेटीसाठी: ६५० ग्रॅमची कोकोपीटची एक वीट (भिजवल्यावर आठ-नऊ लिटर होते), साडेचार लिटर लाल माती, तितकंच गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, दोन लिटर भाताचं तूस किंवा परलाइट, आणि दोन मुठी निंबोळी पेंड. वीट भिजल्यावर एकदा पिळून ते पाणी टाकून द्या आणि पुन्हा भिजवा. त्यात क्षार असतात, ते कोवळ्या मुळांना जाळतात.

सोसायटीच्या आवारातली काळी माती आणू नका. ओली असताना ती चिकटून राहते, वाळली की तडकते आणि तडकताना मुळं तोडते. सोसायटीच्या खतप्रकल्पातलं खत चालेल, पण मुठीत घेऊन बघा. कोमट लागलं किंवा आंबूस वास आला तर अजून महिनाभर कुजू द्या.

७. नर्सरीत फुललेलं रोप घ्यावं की कळ्यांचं?

कळ्यांचं. दोन-तीन फुलं रंग कळण्यापुरती असली की पुरे. भरगच्च फुललेलं रोप पिशवीतच म्हातारं झालेलं असतं. पिशवी उलटी करून बघा. खालून मुळांचं जाळं बाहेर आलं असेल तर ते ठेवून द्या. पानं उलटी करा: पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, बारीक जाळी म्हणजे लाल कोळी. अशी दोन्ही रोपं पाच रुपयांना मिळाली तरी महागच.

उरुळी कांचनच्या बाजूला, सोलापूर रस्त्यावर नर्सऱ्यांची रांगच आहे. भरपूर रोपं घ्यायची असतील तर फेरी परवडते. दोन-चारच हवी असतील तर शहरातली नर्सरी बरी. एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं. कोणत्या जातीची उंची किती होते हे डोळ्यांनी बघायला ते उत्तम, कारण पाकिटावरच्या चित्रातून उंची कळत नाही. आणलेलं रोप दोन-तीन दिवस सावलीत ठेवून संध्याकाळी लावा.

८. पिटुनियाची नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. खत कमी पडतंय का?

नाही, पाणी जड आहे. टँकर किंवा बोअरचं पाणी घालणाऱ्यांकडून हा प्रश्न जास्त येतो. मातीवर किंवा पेटीच्या कडेला पांढरी खापरी धरली असेल तर निदान पक्कं. क्षारांमुळे मातीचा सामू (pH) चढतो आणि मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. पिटुनिया याबाबतीत फार हळवा. जुनी पानं पिवळी आणि नवी हिरवी असतील तर मात्र ती नत्राची भूक आहे, तेव्हा प्रश्न ११ बघा.

उपाय: चिलेटेड लोह अर्धा ते एक ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पानांवर फवारा आणि दहा दिवसांनी पुन्हा. मातीत ओतून तितका उपयोग होत नाही, कारण अडचण मातीतच आहे. पाणी बदलता येत नसेल तर पुढच्या वर्षी पिटुनियाऐवजी सदाफुली, गोम्फ्रेना किंवा ऑफिस टाइम लावा. पावसाळ्यात पेटी आठवडाभर थेट पावसात ठेवली की साठलेले क्षार बरेचसे धुतले जातात.

९. ऑफिस टाइमची फुलं संध्याकाळी घरी येईपर्यंत मिटलेली असतात. झाड खराब आहे का?

झाड नावाला जागतंय. सकाळी ऊन चढलं की उमलतं, दुपारनंतर मिटतं, ढगाळ दिवशी उघडतच नाही. म्हणजे ऑफिसला जाणाऱ्यांनी ते फक्त रविवारी बघायचं. संध्याकाळी फुलं हवी असतील तर गुलबक्षी लावा, ती दुपारी चारच्या सुमारास उमलते आणि वासही येतो. तिला खाली जाड मूळ धरतं, म्हणून पेटी किमान २५ सेंटिमीटर खोल हवी.

१०. शेवंती पहिल्या वर्षी भरभरून फुलली. दुसऱ्या वर्षी नुसतीच वाढतेय. का?

बहुतेक वेळा दोष खिडकीबाहेरच्या रस्त्यावरच्या दिव्याचा असतो, नाहीतर खोलीतल्या ट्यूबलाइटचा. शेवंती दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की कळी धरते. रात्री उशिरापर्यंत तिच्या पानांवर प्रकाश पडत राहिला तर तिच्या लेखी उन्हाळाच चालू असतो. विकत आणलेली शेवंती कळ्या धरूनच येते, म्हणून पहिल्या वर्षी हे लक्षात येत नाही.

सप्टेंबरअखेरपासून रोज संध्याकाळी ६ ते सकाळी ८ पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला. कळ्यांना रंग दिसेपर्यंत, म्हणजे साधारण सहा-आठ आठवडे, एकही रात्र न चुकता. मध्ये दोन-तीन दिवस खाडा झाला तर बहर लांबतो. एवढा व्याप नको असेल तर पेटी उचलून अंधाऱ्या बाजूच्या खिडकीत ठेवा, तिथे दिवसा ऊन असलं की झालं. जूननंतर शेंडे दोन-तीनदा खुडा, ऑगस्टच्या मध्यानंतर खुडू नका.

११. पानं हिरवीगार आहेत, पण फुलंच नाहीत.

आधी ऊन मोजा (प्रश्न १). ते पुरेसं असेल तर नत्र जास्त झालंय. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरमागे एक-दोन ग्रॅम, १५ दिवसांतून एकदा, हे रोप मोठं होईपर्यंतच. कळीचा काळ आला की ते थांबवून ०:५२:३४ (यात नत्र नसतं) लिटरमागे एक ग्रॅम. सदाफुली आणि ऑफिस टाइमला तर महिन्याला मूठभर गांडूळखत पुरतं. ही भुकेत जास्त फुलणारी झाडं आहेत.

सुकलेली फुलं रोज खुडता का? बी धरू दिलं की झिनिया, पिटुनिया, झेंडू पुढची फुलं धरायचं कमी करतात. सदाफुली स्वतःच जुनी फुलं गाळते, तिच्यामागे लागू नका.

१२. पावसाळ्यात सदाफुली एका रात्रीत काळी पडून मान टाकते. कशामुळे?

बुरशीमुळे होणारी खोडकूज. आधी एखादी फांदी मध्येच काळसर तपकिरी पडते, ओली दिसते, मग सगळं झाड. मोठ्या फुलांच्या संकरित जातींना हे जास्त होतं. जुनी साधी गुलाबी सदाफुली त्यामानाने चिवट. रोगट झाड मुळांभोवतीच्या मातीसकट काढून टाका. खतात टाकू नका. उरलेल्या रोपांना पाणी बुडाशी द्या, पानांवर नको, आणि पेटी छज्जाखाली घ्या. त्या पेटीत पुढच्या पावसापर्यंत सदाफुली नको.

१३. कबुतरं रोपं उपटून टाकतात. जाळी न लावता काही करता येईल?

कबुतराला मोकळी माती दिसली की ते उतरतं. उदबत्तीच्या बुडख्याकडच्या काड्या पाच-सहा सेंटिमीटर अंतरावर मातीत खोचा आणि वर दहा सेंटिमीटर दिसू द्या, त्याला बसायला जागाच उरत नाही. रोपं पसरली की काड्या काढा. रिकामी पेटी ग्रिलमध्ये कधीही ठेवू नका. मेमध्ये सुट्टीला गेलात तर परत येईपर्यंत तीत काटक्या आणि दोन अंडी असतात, आणि मग पिल्लं उडेपर्यंत पेटी त्यांची.

१४. पाणी घातलं की खालच्या मजल्यावरच्या चादरींवर पडतं. भांडण टाळायचं कसं?

पाणी दोन हप्त्यांत द्या. निम्मं घाला, दहा मिनिटं थांबा, उरलेलं घाला. कोरडं कोकोपीट एकदम पाणी धरत नाही, सगळं तळातून निघून जातं, म्हणून चादर भिजते. ६० सेंटिमीटरच्या पेटीला मेमध्ये रोज सकाळी दीड-दोन लिटर पुरतं. थंडीत बोटाची दोन पेरं खुपसून बघा, आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

खाली ट्रे ठेवा, पण तो अर्ध्या तासाने ओता. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडण्याइतका मोठा होतो. त्याची अंडी ट्रेच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून आठवड्याला एकदा ट्रे घासून पुसा. नुसता ओतून भागत नाही.

१५. घरात लहान मूल किंवा मांजर आहे. काय टाळू?

सदाफुली, घाणेरीची फळं, ॲडेनियम आणि युफोर्बियाचा चीक ही चारही हाताच्या अंतरावर नकोत. ही चारही पश्चिमेच्या खिडकीची लाडकी आहेत, तेव्हा तिथे गोम्फ्रेना किंवा झिनिया लावा. युफोर्बिया छाटताना हातमोजे घाला. चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन थेट डॉक्टरांकडे जा.

१६. मोगरा, गुलाब, जास्वंद पेटीत येतील का?

मोगरा येतो, एका पेटीत एकच, दिवसाला पाच तास ऊन असेल तरच. जानेवारीअखेर पानं काढून छाटणी केली की उन्हाळ्यात कळ्या धरतो. मिनिएचर गुलाब चालतो. जास्वंदाला पेटी पुरत नाही. दोन वर्षं तग धरते, मग मुळं गुंडाळून बसतात आणि गणपतीच्या तोंडावरच कळ्या गाळते. तिला १२ इंची कुंडी द्या.

१७. दसऱ्याला घरचा झेंडू हवा. कधी पेरू?

मखमली झेंडू पेरल्यापासून ५० ते ६० दिवसांत फुलतो. कॅलेंडरात दसरा बघून दोन महिने मागे मोजा. ती तारीख पावसातच येते, म्हणून बी उघड्या पेटीत न पेरता आत खिडकीशी ट्रेमध्ये पेरा, चार पानांवर आलं की पेटीत हलवा. तीन-चार जोड पानं झाल्यावर शेंडा खुडा, फुलांची संख्या वाढते, पण बहर आठवडाभर पुढे जातो. तो आठवडा मोजणीत धरा. मोठा केशरी गोंड्याचा झेंडू पेटीत लावू नका, फुलाच्या वजनाने आडवा होतो.

१८. खिडकीला ऊन, माती, पाणी सगळं ठीक आहे. तरी पेटीच्या एका टोकाची रोपं करपतात.

एसीचं बाहेरचं युनिट कुठे आहे ते बघा. त्याची गरम हवा लागणाऱ्या टोकाची पानं कडेने वाळतात आणि पाणी वाढवूनही फरक पडत नाही. पेटी सरकवता येत नसेल तर त्या टोकाला ॲडेनियम किंवा युफोर्बिया ठेवा, बाकीच्या भागात हवं ते लावा. घरात मूल असेल तर आधी प्रश्न १५ वाचा.